दोन खुर्च्यांचे भाई चौबळ

भाई चौबळांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि दोन्ही त्यांच्याच होत्या. खिडकीपाशी होती ती वेताची, पाठीला उशी बांधलेली. ती संपादकाची. दाराकडच्या टेबलामागे चाकांची, रेक्झिन उसवलेली, ती व्यवस्थापकाची. बातमी घेऊन कोणी आलं की भाई वेताच्या खुर्चीत असत. जाहिरातवाला, कागदवाला किंवा पेपरचा एजंट आला की उठत, चार पावलं चालत जात आणि चाकांच्या खुर्चीत बसत. चष्मासुद्धा बदलत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येत असेल.

'शेजार' हे आमचं पनवेलचं आठ पानी दैनिक. मालक म्हणजे एक ट्रस्ट, आणि ट्रस्टची मंडळी वर्षातून एकदा येऊन समोसे खाऊन, 'छान चाललंय' म्हणून जात. बाकी सगळं भाईंच्या गळ्यात. मथळा त्यांचा, शाईचा डबा त्यांचा, उरणच्या गाडीत गठ्ठा चढला की नाही ही काळजीही त्यांची. वीस-बावीस वर्षं त्यांनी हे दोन्ही संसार केले आणि एकाचं दुसऱ्याला कळू दिलं नाही.

कळू दिलं नाही म्हणजे अगदी खरोखर. ते स्वतःला पत्रं लिहीत. ऑफिसात एक फाईल होती, तिच्यात ती लावलेली असत. 'मा. व्यवस्थापक यांस, पहिल्या पानावर अर्ध्याहून मोठी जाहिरात घ्यायची नाही असे ठरलेले असताना आपण पुन्हा घेतलीत. हे बरे नव्हे. संपादक.' खाली वेगळ्या शाईत उत्तर. 'मा. संपादक यांस, छपाईचा कागद आपल्या घरून येतो काय? व्यवस्थापक.' त्याखाली पुन्हा, 'उद्धट उत्तर मिळाले. नोंद घेतली आहे.' मी नवीन होते, मला हसू आवरेना. भाई मात्र गंभीरपणे म्हणाले, "हसू नका कुलकर्णीबाई. त्या दोघांचं पटायला लागलं ना, की पेपर बंद करायचा."

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे नवीन पनवेलला आले आणि घरी बसून कंटाळले म्हणून 'शेजार'मध्ये उपसंपादक झाले. भाईंनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला होता, "तुम्हाला लोकांच्या घरी जायला संकोच वाटतो का?" मी म्हटलं, थोडा वाटतो. "जाईल," म्हणाले, आणि मला ठेवून घेतलं.

त्या प्रश्नाचा अर्थ पहिल्याच आठवड्यात कळला. 'शेजार'चा एक रिवाज होता. ज्याच्याबद्दल छापायचं, त्याच्या दाराशी आधी जाऊन यायचं. फोन चालत नसे. सत्कार असो, चोरी असो, निधनवार्ता असो, कोणीतरी उंबऱ्यापर्यंत गेलं पाहिजे. मी म्हटलं, भाई, हल्ली कोण जातं हो दारोदार? सगळं फोनवर येतं. ते म्हणाले, "फोनवर आवाज येतो. दारात चपला दिसतात."

चपला दिसून काय होतं हे मला कळायला एक निधनवार्ता लागली. मिडलक्लास सोसायटी नावाच्या वसाहतीतले एक निवृत्त बँकवाले गृहस्थ वारले होते. घरून आलेला मजकूर नेहमीचाच होता, मनमिळाऊ, प्रेमळ, परोपकारी वगैरे. रिवाजाप्रमाणे मी दाराशी गेले. त्यांच्या पत्नीने मला आत बसवलं, कागद वाचला आणि म्हणाल्या, "हे कोणाबद्दल लिहिलंय?" मी घाबरले. म्हणाल्या, "अहो, भयंकर तापट होते ते. दूधवाल्यापासून मुख्यमंत्र्यापर्यंत सगळ्यांवर ओरडायचे. तसं लिहा, नाहीतर कोणाला कळायचंच नाही की हेच गेले." मी ऑफिसात येऊन भाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'तापट पण आतून मायाळू स्वभावाचे'. बाई नंतर स्वतः पेढे घेऊन आल्या. दुखवट्यात पेढे आणल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि त्या रडायलाच लागल्या. भाईंनी एक पेढा घेतला, खाल्ला आणि त्यांना रिक्षापर्यंत सोडून आले.

दिसायला भाई काही फार भारदस्त नव्हते. ठेंगणे, गोरे, पांढऱ्या मिशीला सिगारेटचा पिवळा डाग, आणि सिगारेट सोडून पंधरा वर्षं झाली तरी तो डाग तसाच होता म्हणून वहिनींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, संशय कायम. शर्टाच्या खिशात दोन पेनं. आवाज मात्र एखाद्या पट्टीच्या भांडखोराचा. गुडघे गेलेले होते, पण काठी घ्या म्हटलं की अंगावर येत. कोणी हात धरायला गेलं तर हात झटकत. मी त्यांना कधी मदत करायला धजावले नाही.

आणि मासे. चौबळ म्हणजे कायस्थ, त्यातून रायगडचे. जिताडा हा शब्द भाई ज्या स्वरात उच्चारत त्या स्वरात आमच्याकडे लोक देवाचं नाव घेतात. मी शाकाहारी. माझ्या लेखी मासा म्हणजे मासा. भाईंना माझ्या या अज्ञानाची कीव येई. "बोय आणि शिंगाळा यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने पनवेलमध्ये पत्रकारिता करू नये," असं ते मला सर्वांदेखत म्हणत. या वाक्याची त्यांना पुढे फार मोठी शिक्षा झाली, ते येईलच.

रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन ते मच्छी मार्केटात जात. त्यांची कोळीण ठरलेली होती. जनाबाई. गव्हाणच्या बाजूला खाडीकाठी तिचं गाव. घरची होडी, मुलगा जाळं टाकी, ती विकायला पनवेलला येई. साठीची, काळी, सडपातळ, डोईवर पाटी नसली तरी मान ताठ. भाई आणि ती एकमेकांशी जे बोलत त्याला बोलणं म्हणायचं की भांडण, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. "जनाबाई, हे काल रात्रीचं दिसतंय." "काल रातीचं तुमचा पेपर असतो भाई, म्हावरा ताजा हाय." अशी सुरुवात होई आणि पंधरा मिनिटांत भाईंना माशाबरोबर खाडीकाठच्या चार गावांच्या बातम्या मिळालेल्या असत. भाई तिला आमची सर्वात जुनी वार्ताहर म्हणत. ती मासे इतर सगळ्या पेपरांत बांधून देई, 'शेजार'मध्ये कधी नाही. भाईंनी कौतुकाने मला सांगितलं होतं, "विचारलं मी एकदा. म्हणाली, त्याच्यात आपली मानसं असतात, त्यांच्यावर म्हावरा कसा ठेवू?"

तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्याची आणि 'शेजार'ची जुनी ओळख होती. एकदा त्यांच्या वर्धापनदिनाची पानभर जाहिरात व्यवस्थापक भाईंनी घेतली आणि त्याच अंकात, पहिल्या पानावर, रात्रपाळीच्या कामगारांना उग्र वासाने उलट्या होतात ही बातमी संपादक भाईंनी लावली. अकरा वाजता कारखान्याचे जनसंपर्कवाले गृहस्थ, टाय लावून, ऑफिसात हजर. भाई चाकांच्या खुर्चीत. चहा मागवला. गृहस्थ म्हणाले, "भाई, हे काय केलंत?" भाई कपाळाला हात लावून म्हणाले, "काय सांगू साहेब, संपादक माझं ऐकतच नाही. फार हट्टी माणूस आहे." गृहस्थ वैतागून म्हणाले, "मग मला संपादकांना भेटू द्या." भाई उठले, खिडकीपाशी गेले, चष्मा बदलला, वेताच्या खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "बोला." आम्ही सगळे खाली मान घालून कामात होतो. मी तर कागदावर नुसत्या रेघोट्या ओढत होते.

गंमत म्हणून हे खूप दिवस चाललं. मग ती खाडीची बातमी आली.

खाडीकाठच्या लोकांची तक्रार जुनीच होती. उधाणाच्या दिवसांत कोणीतरी कारखान्याचं पाणी सोडतं. ओहोटीला मासळी मरून चिखलावर पडते, भरती आली की सगळं वाहून जातं, आणि अधिकारी दुपारी येऊन पाहतात तेव्हा खाडी स्वच्छ. पुरावा कधी राहतच नाही. जनाबाईचा मुलगा जाळं सोडून विमानतळावर सिक्युरिटीत लागायचं म्हणत होता. होडी विकायची बोलणी सुरू झाली होती. जनाबाई भाईंना म्हणाली होती, "पोर वर्दी घालंल, मंग पाटी कशाला उचलू?" शेवटी गावाने अर्ज केला आणि त्या कारखान्याविरुद्ध सुनावणीची तारीख लागली. सुनावणीच्या आठवडाभर आधी पहाटे पुन्हा मासळी मेली. जनाबाईच्या मुलाने स्वतः पाहिली. त्याच सकाळी गावाच्या व्हॉट्सअप ग्रुपवरून आमच्याकडे फोटो आला. पांढऱ्या पोटाच्या मासळीचा खच, वर ढगाळ आभाळ.

त्या दिवशी भाई फार संतापले होते. बातमी त्यांनी स्वतः लिहिली. फोटो माझ्या टेबलावरून गेला. मी तो पाहिला, मला मासे दिसले, मी तो पान एकला लावला. भाईंनी तो नीट पाहिलाच नाही. आणि दाराशी कोणी गेलं नाही. मी विचारलंही होतं, कोणाला पाठवू का खाडीवर? ते म्हणाले, "जनाबाईचं गाव आहे. घरची माणसं आहेत ती. त्यांची काय खातरजमा करायची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केटात जनाबाईने भाईंना पाटीजवळ बसवलं, अंक उघडला आणि हळूच म्हणाली, "भाई, हा आपल्या खाडीचा म्हावरा नाय. ह्यो रोहू. गोड्या पान्याचा, तळ्यातला. आपल्या पोरांनी कुठनं तरी उचलला फोटो." भाईंनी अंक हातात घेतला. हे त्यांनी मला नंतर एकदाच सांगितलं. म्हणाले, "बाई, लहान पोरालाही कळला असता. मी जिताड्याच्या गोष्टी सांगणारा माणूस."

जनाबाईने पुढे जे सांगितलं ते जास्त अवघड होतं. म्हणाली, "गप ऱ्हावा. कुनाला कळलेला नाय. कंपनीवाल्यांना म्हावऱ्यातलं काय कळतंय? आठ दिवस गप ऱ्हावा, सुनावनी होऊ द्या."

ऑफिसात भाईंनी आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि खरं सांगितलं. आम्ही वाद घातला. मी सर्वात जास्त घातला. मासळी मेली हे खरं आहे ना? मग फोटो कुठला का असेना. आता खुलासा छापणं म्हणजे कारखान्याच्या हातात आपण होऊन काठी देणं. गरिबांचं नुकसान करून आपण सोवळं पाळणार का, असंसुद्धा मी बोलले. भाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाले, "चला कुलकर्णीबाई. काल गेलो नाही, आज जाऊ."

जनाबाई घराच्या ओट्यावर बसून कोळंबी सोलत होती. भाई तिच्यासमोर खाली बसले. गुडघे दुखत असताना खाली बसले म्हणून मला आठवतं. म्हणाले, "जनाबाई, उद्या छापतोय. आधी तुम्हाला सांगायला आलो."

"नका करू भाई."

"खोटा फोटो आहे तो."

"फोटो खोटा हाय, म्हावरा तर खराच मेला ना? माझ्या पोरानं पायलाय. त्याचा काय?"

"ते छापतोच आहे. पण तुमचं खरं माझ्या खोट्याखाली गाडलं जाईल. आज नाही तर उद्या."

"उद्याचं उद्या बघू. माझी होडी आज चालली." तिने सुपातली कोळंबी बाजूला सारली. "तुमाला तुमचा पेपर मोठा. जावा."

तिच्या दारातून आम्ही रिक्षाने परत आलो. माझा अजून त्यांच्यावर राग होता.

खुलासा पहिल्या पानावर आला, ज्या जागी फोटो होता त्याच जागी, तेवढ्याच आकारात. 'काल येथे छापलेले छायाचित्र आपल्या खाडीचे नाही. त्यातील मासे गोड्या पाण्यातले आहेत. खाडीत मासळी मेली, हे गावकऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. छायाचित्राची खातरजमा न करणे ही चूक संपादकाची आहे.' माझा उल्लेख कुठेच नव्हता. मी म्हटलं, भाई, फोटो मी लावला होता. ते म्हणाले, "तुम्हाला मासे कळत नाहीत हे साऱ्या पनवेलला मीच सांगितलंय. तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?" आणि हसले. मला मात्र रडू आलं.

जे व्हायचं तेच झालं. सुनावणीत टायवाल्या गृहस्थांनी 'शेजार'चा खुलासा सुनावणी घेणाऱ्या साहेबांसमोर ठेवला. गावाकडे दाखवायला दुसरं काही नव्हतं. सुनावणी पुढे ढकलली, कधी ते सांगितलं नाही. गव्हाणच्या बाजूला जाणारा आमचा गठ्ठा दुसऱ्या दिवशी न सोडताच परत आला. आणि मार्केटात भाई गेले तेव्हा जनाबाईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. शेजारच्या गिऱ्हाइकाला तिने बोय दिली. देताना खालून 'शेजार'चा अंक काढला, पान एक वर केलं आणि त्याच्यात गुंडाळली. भाई तसेच उभे राहिले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले.

दुसऱ्या कोळणीकडून ते घेत नव्हते. त्यामुळे चौबळांच्या घरी मासे बंद. वहिनींनी मला फोन केला, "अगं, हा माणूस दुधी खातोय. मला भीती वाटते." मी भाईंना समजवायला गेले तर म्हणाले, "दुधी वाईट नसतो हो. सातारकरांना विचारा."

त्याच आठवड्यात फाईलमध्ये एक नवं पत्र लागलं. 'मा. संपादक यांस, संस्थेचा जुना रिवाज मोडून आपण वृत्त प्रसिद्ध केलेत. त्यामुळे वाचकांचे नुकसान झाले. सबब आपणास पदावरून कमी करण्यात येत आहे. व्यवस्थापक.' खाली उत्तर होतं, 'मान्य आहे. संपादक.' मला वाटलं, ही नेहमीची थट्टा. पण दुसऱ्या दिवसापासून भाई वेताच्या खुर्चीत बसले नाहीत. उशी सोडून त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुम्ही बसा." मी नको म्हटलं, भांडले, ट्रस्टच्या लोकांना फोन केला. शेवटी बसले. ते चाकांच्या खुर्चीतून माझ्याकडे जाहिराती पाठवत आणि मी नाकारल्या की खूश होत.

नंतर ते सकाळचे गायब होऊ लागले. पहिल्यांदा वाटलं, डॉक्टरकडे जात असतील. पुढे कळलं, पंचांग घेऊन अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाणाचे दिवस हेरून ते पहिल्या एसटीने खाडीवर जातात. ओहोटी लागली की बांधावर उभं राहायचं, पाण्याचा रंग, वास, वेळ वहीत लिहायची, फोनने फोटो काढायचे. फोटोत त्या दिवशीचा 'शेजार' धरायचा म्हणजे तारखेचा वाद नको. एकदा घसरून चिखलात पडले. जनाबाईच्या मुलाने उचलून बांधावर बसवलं. आईला न सांगण्याच्या बोलीवर त्याने त्यांना चहा पाजला. तो अजून जाळं टाकत होता. होडीचं गिऱ्हाईक मोडलं होतं, पण दुसरं येणार होतं.

सहा महिने भाईंच्या वहीत काहीच नव्हतं. 'पाणी नेहमीसारखे. बगळे तीन.' अशा नोंदी. मी एकदा चिडून म्हटलं, तुम्हाला प्रायश्चित्त घ्यायचंय का बातमी? त्यांनी वही मिटली. म्हणाले, "बाई, ती माझ्याशी बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं. पण ती बोलली नाही तरी चालेल. होडी राहायला हवी." इतकं सरळ ते स्वतःबद्दल कधी बोलले नव्हते.

सातव्या महिन्यात एका अमावस्येनंतरच्या सकाळी पाणी तांबूस आलं. भाईंनी चाळीस फोटो काढले. बोय, शिंगाळे, निवटे, चिंबोऱ्या, सगळी खारी मासळी, मागे जेट्टी आणि हातात अंक. बाटल्यांत पाणी भरलं, जनाबाईच्या मुलाच्या आणि आणखी दोघांच्या सह्या घेतल्या. आणि ओल्या पँटने थेट तळोज्याला कारखान्याच्या गेटवर गेले, त्यांचं म्हणणं विचारायला. टायवाले गृहस्थ म्हणाले, आमचा संबंध नाही. तेही आम्ही शब्दशः छापलं. बातमी मी लिहिली. भाईंनी तिच्यातली तीन विशेषणं काढली आणि परत दिली.

सुनावणी पुन्हा लागली. सरकारी इमारतीचा दुसरा मजला, लिफ्ट बंद. गावची पंचवीस-तीस माणसं आली होती. जनाबाई पुढच्या रांगेत. भाई सर्वांत मागे, दाराजवळच्या बाकावर, मी त्यांच्या बाजूला. टायवाले गृहस्थ उठले. त्यांनी आमचा जुना खुलासा पुन्हा काढला आणि साहेबांना म्हणाले, "सर, याच वृत्तपत्राने याच खाडीचा खोटा फोटो छापलेला आहे. त्यांनी स्वतः कबूल केलंय. यांच्या नव्या फोटोंवर विश्वास कसा ठेवायचा?" साहेबांनी मान डोलावली. मला वाटलं, संपलं. शेजारी भाईंचा श्वास ऐकू येत होता.

जनाबाई उभी राहिली. परवानगी वगैरे मागितली नाही.

"सायब, त्यो फोटो खोटा व्हता ह्ये तुमाला कोनी सांगितला? ह्या कंपनीनं? तिला वलखला पन नाय. तुमी वलखला? नाय. मी वलखला, आन मी त्यांना बोलली, गप ऱ्हावा. मी पाया पडायची बाकी ठेवली व्हती. तरी त्यांनी छापला. आमचं नुसकान झालं, मी त्या मानसाचं तोंड बगितला नाय इतके म्हैने." ती क्षणभर थांबली. मागे वळली नाही. "त्यो मानूस आमच्यासाठी बी खोटं बोलला नाय. आता त्यो बोलतो ह्यो म्हावरा खरा हाय, तर खरा हाय. मी मानते. तुमी बी माना."

साहेबांनी बाटल्या आणि सह्यांची कागदपत्रं ठेवून घेतली आणि पुढच्या महिन्यातल्या उधाणाला गावकऱ्यांसमोर कारखान्याच्या नाल्याचे नमुने घ्यायचे, असा लेखी आदेश दिला. जिंकलो असं कोणी म्हणू नये. प्रकरण अजून चालूच आहे. पण होडीचं गिऱ्हाईक परत पाठवलं गेलं, हे मला माहीत आहे.

नमुने घेतले तेव्हा भाई नव्हते. सुनावणीनंतर अठरा दिवसांनी, दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. मधल्या दिवसांत मी साताऱ्याला होते, आई आजारी होती. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सुनावणीच्याच दिवशी.

माणसं बाहेर पडत होती. भाई बाकावरून उठले आणि कोणाला दिसू नये अशा बेताने घाईने जिन्याकडे निघाले. डोळे पुसायलाही विसरले होते. जिन्याला कठडा एकाच बाजूने, तोही तुटका. दुसऱ्या पायरीवर ते अडखळले आणि थांबले. मी पुढे होणार इतक्यात मागून जनाबाई आली. तिने काही विचारलं नाही. त्यांचा दंड घट्ट पकडला.

भाईंनी हात झटकला नाही.

"बगून," ती खेकसली. "पायरी फुटलीय. इतकं वय झालं, एक काठी घेता येत नाय तुमाला?"

"हो," भाई म्हणाले.

"हो काय हो. आदी डावा पाय टाका."

भाईंनी डावा पाय टाकला. तीही एक पायरी उतरली. मी वरच थांबले. एकेक पायरी ती रागावत होती आणि भाई लहान मुलासारखं ऐकत, तिच्या हातावर सगळा भार टाकून उतरत होते. वळणावर दोघं दिसेनाशी झाली, तरी खालून तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.